अण्णांचं मीटर

गेले पाच-सहा आठवडे इथं काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी मेल करून विचारलं, "बाबा रे, आहेस की गेलास?" आहे. दर शुक्रवारी रात्रीची बस पकडून गावी जात होतो आणि सोमवारी पहाटे पुण्यात उतरून तसाच ऑफिसला. कारण काय, तर गावच्या घराचा तुटलेला नळ परत जोडून घ्यायचा होता.

आमच्याकडे प्रोडक्शनचा सर्व्हर पडला तर चार तासांत उभा केला नाही म्हणून मीटिंगा होतात. अर्धा इंची नळ उभा करायला मला साडेपाच आठवडे लागले. हे वाक्य मी बसमधेच मनात तयार करून ठेवलं होतं, झकास वाटत होतं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर साडेपाचपैकी तीन आठवडे आमच्या घरातल्याच भांडणात गेले. नगरपालिकेचा त्यात काही दोष नाही.

आमचं गाव म्हणजे लातूर-नांदेड रस्त्यावरचं एक तालुक्याचं ठिकाण. नाव लिहीत नाही. कचेरीतले सगळे आईला ओळखतात, आणि तिला आता तिथंच राहायचंय.

पार्श्वभूमी थोडक्यात. २०१६ च्या उन्हाळ्यात आई आणि अण्णा (म्हणजे माझे वडील) घराला कुलूप लावून पुण्याला माझ्याकडे आले. ते साल मराठवाड्यातल्या कुणाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. लातूर शहराला पाणी देणारं मांजरा धरण, धनेगावचं, कोरडं पडलं होतं. नळ बंद. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होतील म्हणून मार्च महिन्यात प्रशासनाने जमावबंदी लावली. दंगल नाही, मोर्चा नाही, पाण्याच्या टाकीपाशी १४४ कलम! एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. १२ तारखेला पहिली गाडी लातूरला पोचली, दहा वॅगन, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास वॅगनची गाडी यायला लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. ज्या मार्गावरून पूर्वी बार्शी लाईटची छोटी गाडी रखडत यायची त्याच मार्गावरून कृष्णेचं पाणी आलं. टीव्हीवाले आले, फोटो निघाले. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमधे असा पाऊस झाला की मांजरा भरलं. आमच्याकडचा पाऊस असाच, परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणारा.

रेल्वेचं पाणी लातूरला होतं, आमच्या गावाला नव्हतं. आमच्या बोरनं जानेवारीतच हात टेकले होते. अण्णांना गुडघ्यामुळे टँकरमागे पळणं जमेना. "पाऊस पडेपर्यंत चला" म्हणून मी त्यांना घेऊन आलो आणि ते राहिलेच. मधल्या काळात थकबाकीपोटी नळ तोडला गेला, २०१९ मधे. २०२२ साली अण्णा गेले. आणि आता आई म्हणते, मला माझ्या घरी जायचंय.

मी म्हटलं, "आई, इथं चोवीस तास पाणी आहे. तिथं आठवड्याला एकदा येतं."

"इथं पण टँकरच की रे. तो पार्किंगमधे येतोय म्हणून तुमाला दिसत नाही."

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा टँकर येतात हे खरंच आहे. मेंटेनन्सच्या पावतीत एक आकडा येतो, आपण तो भरतो आणि विसरतो. पाणी गेलं कुठे, आलं कुठून, नवव्या मजल्यावर कुणाला पत्ता नसतो.

असो. तर नळ.

पहिल्या शनिवारी कचेरीत गेलो तेव्हा मला वाटलं होतं की अर्ज द्यायचा, पैसे भरायचे, प्लंबर आणायचा, झालं. (मला काय, सगळंच तीन स्टेप्समधे होईल असं वाटतं, पंधरा-सोळा वर्षांच्या नोकरीनंतरही.) टेबलावरचे मामा शांतपणे म्हणाले, "नळ कुनाच्या नावानं हाय?" अण्णांच्या. "ते वारले ना? मग आधी नाव बदलून घ्या." बरं, नाव बदलायचा अर्ज द्या. "पन नाव चालू नळाचं बदलतंय. तुमचा बंद हाय." मग चालू करा. "मयताच्या नावानं कसा चालू करणार?"

आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. अ ब साठी थांबलाय, ब अ साठी थांबलाय, आणि स्क्रीन गोठलेली. फरक एवढाच की इथं मामांनी स्वतःच चहा सांगितला आणि वाटही दाखवली: जुना नळ कायमचा बंद केल्याचा अर्ज, जुनी थकबाकी भरून बेबाकी, आणि आईच्या नावानं नवीन जोडणी. घरपट्टीच्या रजिस्टरला आईचं नाव लागलेलं होतंच. बहिणीची सही लागणार होती, ती नांदेडला असते, एका रविवारी जाऊन आणली.

नांदेड म्हटलं की मला कायम थोडी असूया वाटते. माझी अकरावी-बारावी लातूरला झाली ('लातूर पॅटर्न'ची गिरणी, दळून निघालो) आणि इंजिनिअरिंग नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात. लातूरला बादलीचा हिशोब करत अभ्यास केलेला मुलगा विष्णुपुरीला येतो आणि पाहतो तर काय, कॉलेजपासून जवळच गोदावरी अडवून केलेला अथांग जलाशय! पहिल्या आठवड्यात मी नुसताच जाऊन बघत बसायचो. दोन्ही शहरं मराठवाड्यातलीच, मधे दीडएकशे किलोमीटरही नाहीत. एकाच्या दारात गोदावरी आणि दुसऱ्याच्या नशिबी मांजरा. निवडणूक आली की लातूरला उजनीचंही पाणी येतं, म्हणजे घोषणेत.

तर थकबाकी. इथं घरातलं भांडण सुरू झालं.

नगरपालिकेनं मागितलेली रक्कम होती चौदा हजारांच्या वर. वर्षाची ठोक पाणीपट्टी पंधराशे, तीन-चार वर्षांची, आणि त्यावर शास्ती. (व्याज आणि दंड दोघांचं मिळून झालेलं हे अपत्य. शब्दच असा की ऐकूनच उभं राहावंसं वाटतं.) पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता की ही थकबाकी विसरून राहिलेली नव्हती. अण्णांनी ती जाणूनबुजून ठेवलेली होती.

अण्णा शाळेत गणित शिकवायचे. त्यांची एक डायरी होती. त्यात खर्च, दुधाचा हिशोब, पाऊस, आणि नळ. नळाची नोंद अशी: 'नळ. ९ व्या दिवशी. ५० मि.' किंवा 'नळ. १२ व्या दिवशी. रात्री २.१०. ३५ मि. गढूळ.' दुसरं काही नाही, शेरा नाही, चिडचिड नाही. २०१५-१६ चं बिल आलं तेव्हा त्यांनी डायरी काढून मोजलं. वर्षात पाणी ३१ वेळा आलं होतं. पंधराशे भागिले ३६५ गुणिले ३१, उत्तर १२७ रुपये ४० पैसे. त्यांनी तेवढ्या रकमेचा चेक लिहिला, सोबत तारखांची यादी जोडली आणि पाठवून दिला. चेक परत आला. अर्धवट रक्कम घेता येत नाही. अण्णांनी तो डायरीत घडी करून ठेवला आणि पुन्हा कधी पाणीपट्टी भरली नाही.

मला तो चेक डायरीत सापडला दुसऱ्या आठवड्यात. आणि मी हट्टाला पेटलो. म्हटलं, भरायची नाही. लढायचं. माहितीचा अधिकार, अपील, ग्राहक मंच, काय असेल ते. बहीण म्हणाली, वेडा आहेस का. आई काहीच बोलली नाही, दोन दिवसांनी म्हणाली, "त्यांचं बरोबर होतं. पण मला पाणी पायजे. आन् मानूस बाकी ठेवून गेला असं कचेरीत कागदावर लिहिलेलं मला नको."

यावर काय बोलणार. तिसऱ्या आठवड्यात मी चौदा हजार भरले. पावती घेतली. अण्णांचा सत्याग्रह मी क्यूआर कोड स्कॅन करून मोडला, दहा सेकंद लागले.

आता या सगळ्यात माझं मत काय, कारण तुम्ही इथं त्यासाठी येता (निदान मी तसं समजतो :-)).

त्यासाठी जरा मागे जावं लागेल. २००८ साली लातूर शहराचा पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणामार्फत एका खाजगी कंपनीला चालवायला दिला गेला. घरोघर मीटर लागणार होते. लोकांनी कडाडून विरोध केला, समित्या निघाल्या, मोर्चे निघाले, आणि अखेर तो प्रयोग मुदत भरायच्या आतच गुंडाळावा लागला. लातूरचे मामा (माझे सख्खे, टेबलावरचे नव्हेत) विरोध करणाऱ्यांत होते. "आज मीटर, उद्या रिचार्ज. पैसे संपले की नळ बंद!" अण्णांचं उलट. मोजल्याशिवाय हिशोब कसा? त्यांनी २००९ मधे स्वतःच्या पैशानं पितळी मीटर आणून आमच्या नळाला बसवलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी रीडिंग घ्यायलाही आलं नाही. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, पुण्यात बसून फोनवर मामांना 'डिमांड मॅनेजमेंट' समजावून सांगत होतो. आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

कारण मामांचं एक म्हणणं अण्णांच्या मीटरनंच खरं ठरवलं. नऊ दिवसांनी एकदा पाणी सोडलं की आधी पाईपमधली हवा बाहेर पडते. नळ फुसफुसतो आणि मीटर गरागरा फिरतं. मीटरला बिचाऱ्याला काय कळणार, त्याच्या चाकाला ढकलणारं पाणी आहे की वारा. अण्णांनी डायरीत लिहिलंय, 'आधी हवा. मीटर फिरले, पाणी नाही.' मामा हसून म्हणाले होते, "भावजी, आता हवेचे पैसे भरा."

म्हणजे मीटर हे चोवीस तास दाबाखाली असलेल्या पाण्याचं यंत्र आहे. कराडजवळच्या मलकापूरला मीटरनं काम केलं, कारण तिथं मीटरसोबत चोवीस तास पाणीही आलं. जास्त वापर तर जास्त दर, आणि लोकांनी ते मान्य केलं. आमच्याकडे पाणी नऊ दिवसांनी आणि मीटर मात्र उद्यापासून, असं म्हटलं की लोक मोर्चा काढणारच.

पण मीटर नको म्हणून ठोक पट्टी, हे तरी न्याय्य कुठे आहे? ठोक पट्टीत लाईनीच्या सुरुवातीला बसून मोटर लावून दोन टाक्या भरणारा आणि शेवटच्या गल्लीत दोन टिपाडं भरतात की नाही याची वाट बघणारी बाई, दोघंही वर्षाला पंधराशेच देतात. मीटरला विरोध करणाऱ्या सभांत सगळ्यात पुढे कोण बसायचं, हे जरा आठवून बघा. (मामा, वाचत असाल तर रागावू नका. तुम्ही पुढे नव्हतात.)

मला वाटतं आपण चुकीच्या टोकाला मीटर लावायची चर्चा करतोय. माझ्या नळाला मीटर बसवण्याआधी कचेरीच्या वॉल्व्हला बसवा. बिलावर फक्त एक ओळ छापा: 'या वर्षात आपल्या भागात पाणी इतक्या वेळा सोडले, एकूण इतके तास.' यासाठी ना स्मार्ट मीटर लागतं ना सेन्सर. वॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला सगळं तोंडपाठ असतं, कुठली गल्ली, कधी, किती वेळ. आमच्या गावात तो मोटरसायकलवरून येतो, आणि बायका घड्याळापेक्षा त्याच्या हॉर्नवर विश्वास ठेवतात. त्याच्या वहीतला आकडा बिलावर आला की निम्मं काम झालं.

हेच मी टेबलावरच्या मामांना बोललो. ते म्हणाले, "सायेब, पाणी आलं नाही म्हनता. पन पंपाचं लाईट बिल, मान्साचा पगार, ते काय थांबतंय का? त्या साली टँकर कुनी पाठवले?" बरोबर आहे. मी निरुत्तर झालो नाही असं नाही. बसमधे उत्तर सुचलं (नेहमीप्रमाणे). विजेच्या बिलात स्थिर आकार वेगळा असतो आणि वापराचा वेगळा. पाण्याचंही तसं करा ना! यंत्रणा चालू ठेवायचा इतका, तो दुष्काळातही भरू. आणि पाण्याचा इतका, तो पाणी आलं तर. अण्णांनीही तो भरला असता. १२७ रुपये चाळीस पैशाच्या चेकमधे स्थिर आकार नव्हता, ही त्यांची चूक मी मान्य करतो.

आपल्याकडे २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. नवीन नळजोडणी, मालकी हक्कात बदल, पुनर्जोडणी, या सेवा त्यात येतात. ठरलेल्या दिवसांत काम झालं नाही तर अपील करता येतं, अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड होऊ शकतो. चांगला कायदा आहे, वापरा. पण बघा, त्यातली मुदत नळ जोडण्याची आहे. जोडलेल्या नळाला पाणी कधी येईल याची नाही.

माझा एक कॉलेजचा मित्र, नांदेडचा, सध्या इटलीत मिलानजवळ असतो. त्याला ही सगळी रामकहाणी सांगितली तर तो फोनवर खो खो हसला. त्यानं भाड्यानं घेतलेल्या घराचं पाणी आधीच्या भाडेकरूनं बंद करून टाकलं होतं. तिथं म्हणे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. चालू कनेक्शनवर नाव बदलायचं तर 'व्होल्तुरा', बंद मीटर नव्या माणसाच्या नावानं चालू करायचं तर 'सुबेंत्रो'. आमचं डेडलॉक ज्या फटीत झालं तिथं त्यांनी एक शब्द ठेवलाय. दोन्हींसाठी साधारण पाच कामाच्या दिवसांची मुदत त्यांच्या नियामकानं घातली आहे. मुदत चुकली तर ग्राहकाच्या बिलातून तीस युरो आपोआप वजा होतात, अर्ज करावा लागत नाही. यातलं 'आपोआप' मला सगळ्यात आवडलं. आता इटली म्हणजे काही स्वर्ग नाही. तिथल्या पाईपांतून चाळीस टक्क्यांहून जास्त पाणी वाटेतच गळतं, आणि खाजगीकरणावर तेही आपल्यासारखेच भडकले होते, २०११ मधे थेट सार्वमत घेऊन नको म्हणाले. पण उशिराची किंमत कचेरीच्या बाजूलाही लागते, एवढं त्यांनी ठरवलं आहे.

पाचव्या आठवड्यात प्लंबर आला. चर खोदला, जुना फेरूल गंजून पूर्ण बुजला होता, जीआय पाईप हातात घेतल्यावर भुसभुशीत तुटला. अण्णांचं मीटर पान्यानं ठोकून बघितलं, काटा हलला नाही. प्लंबर म्हणाला, पितळेचं आहे, मोडीत बरे पैसे येतील. आईनं पदरानं पुसून ते आत नेऊन ठेवलं. नवीन मीटर बसवायचं का, असं त्यानं विचारलं, कारण सक्ती नाहीच. मी आईकडे बघितलं.

"बसव," आई म्हणाली. "हवेचं पन कळू दे."

आय.एस. ७७९ चा शिक्का बघून घेतलं आणि बसवलं. जाळी, पेटी, कुलूप. निघताना मी कचेरीत आणखी एक अर्ज देऊन आलो: आमच्या भागात मागच्या वर्षी किती वेळा आणि किती तास पाणी सोडलं, याची माहिती मिळावी. मामांनी शिक्का मारून पोच दिली आणि म्हणाले, असं आजवर कुनी विचारलं नव्हतं, कुनाकडं पाठवायचा ते बघावं लागंल. अजून उत्तर आलेलं नाही, मुदत आहे. आलं की इथं टाकतो.

परवा पहाटे पावणेचारला आईचा फोन. माझी झोपच उडाली, म्हटलं काय झालं. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"काही नाही, झोप. आठव्या दिवशी आलं. किती मिनटं ते बंद झाल्यावर सांगते, डायरी कुठं ठेवलास?"